आधी पाणी, मग नाव

विमानतळावर गेलं की माझं नाव मला उलटं भेटतं. आडनाव पुढं, माझं नाव मागं आणि त्याच्याही मागं शेपटासारखं चिकटलेलं ‘एमआर’. आपल्या मराठी रिवाजाप्रमाणं मधे वडिलांचं नाव असतं. ते कधी माझ्या नावाला जोडून येतं, कधी गायब असतं. तिकिटावर एक, ओळखपत्रावर दुसरं. मग काउंटरवरची मुलगी विचारते, ‘सर, हे तुम्हीच ना?’ वयाच्या पन्नाशीनंतर या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सोपं राहत नाही, पण मी ‘हो’ म्हणतो. ज्याला एकच नाव आहे, त्याची तर आणखी पंचाईत. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी अक्षरं पडतात. म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. आपल्याकडच्या, विशेषतः दक्षिणेकडच्या कितीतरी सज्जन माणसांना हे ‘अज्ञात’ नाव मिरवत तिकडं वावरावं लागलं आहे.

माझं आडनाव वतनातून आलेलं. ते हिंदूंतही आहे आणि मुसलमानांतही. त्यामुळे होतं काय, काउंटरवरचा माणूस आडनाव वाचून ओळखीचं हसतो आणि पुढचं नाव वाचून ओळखपत्र पुन्हा एकदा बघतो. यात त्याचा दुष्टावा असतोच असं नाही. नजरेला एक सवय लागलेली असते. पण या दोन नजरांच्या मधे जो क्षण जातो, त्या क्षणाचा इतिहास शोधावा असं मला बरेच दिवस वाटत होतं. आज रेडिओवर बोलायची संधी मिळाली, तर तोच सांगतो. रेडिओची एक गंमत आहे. इथं चेहरा दिसत नाही, पण निवेदक नाव मात्र आधीच सांगून मोकळा होतो.

लहानपणी आमच्या घरी याच्या उलट होतं. कऱ्हाड तालुक्यातलं आमचं गाव. उन्हातून कुणी दारात आलं की अम्मी आधी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढं ठेवायची. माणूस पाणी प्यायचा, उपरण्यानं तोंड पुसायचा, आणि मग अब्बा विचारायचे, ‘कुठनं येणं झालं? कुणापैकी तुम्ही?’ गावात सगळ्याच जातींच्या घरांत हा शिरस्ता होता. आधी पाणी, मग नाव. मुक्कामाच्या जागांचा सगळा इतिहास मला या दोन गोष्टींच्या क्रमात सापडतो. प्रवाशाला आधी काय मिळतं, पाणी की प्रश्न?

सुरुवात आजच्या लाउंजपासून करू. मुंबईच्या विमानतळावर एकदा विमानाला तीन तास उशीर झाला. मुलानं दिलेलं बँकेचं कार्ड खिशात होतं. त्या कार्डावरून दोन रुपये कापून घेतले आणि मला आत सोडलं. बाहेर चहाच्या कपाला जेवणाइतके पैसे पडत होते. आत उपमा, इडली, सूप, कॉफी, सगळं दोन रुपयांत. आत जायला मात्र एस.टी. स्टँडसारखी रांग होती. कोट घातलेला एक माणूस माझ्या मागून सारखं ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणत होता. ही जागा मुळात रांगा चुकवण्यासाठी निघाली, हे त्याला कोण सांगणार? १९३९ साली अमेरिकेतल्या एका विमान कंपनीनं न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर असा पहिला क्लब उघडला. तिथं पैसे भरून जाता येत नसे. कंपनी ज्याला बोलावील, तोच आत. पुढं काळ बदलला, वर्गणी आली, आता कार्ड आलं. म्हणजे नाव बघून आत घेण्यापासून कार्ड बघून आत घेण्यापर्यंत ही जागा आली. कार्डाला जात नसते, एवढं त्याचं मी कौतुक करतो. ज्याच्याकडं कार्ड नाही तो बाहेर खुर्चीवर पिशवीला पाय लावून झोपतो, हेही खरं.

आता सहाशे-पावणेसातशे वर्षं मागं जाऊ. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ साली मुहम्मद बिन तुघलकाचा वकील म्हणून दिल्लीहून चीनकडं निघाला. वाटेत तो आपल्या दौलताबादेला थांबला होता. चीनमधल्या मुक्कामाच्या जागांबद्दल त्यानं जे सांगितलं आहे, ते वाचताना मी हसलो आणि मग गप्प झालो. तिथं प्रत्येक टप्प्यावर सराई असते. सूर्य मावळल्यावर तिथला अधिकारी कारकुनाला घेऊन येतो, मुक्कामाला असलेल्या प्रत्येकाचं नाव लिहितो, यादीवर शिक्का मारतो आणि दाराला कुलूप घालतो. सकाळी पुन्हा येऊन एकेकाचं नाव पुकारतो. प्रवासी पुढच्या टप्प्यावर सुखरूप पोचल्याचा कागदही मागवून घेतो. एवढंच नाही, परका माणूस शहरात आला की चित्रकार त्याचं चित्र काढून ठेवतात. गुन्हा करून पळाला तर ते चित्र सगळीकडं पाठवता यावं म्हणून. इब्न बतूता म्हणतो, बाजारातून परत येताना आम्ही आमचीच चित्रं भिंतीवर पाहिली. तो चीनमध्ये खरोखर किती फिरला याबद्दल काही अभ्यासकांना शंका आहे. पण १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीच्या विमानतळांवर चेहरा दाखवून आत जायची ‘डिजियात्रा’ सुरू झाली, तेव्हा मला त्या भिंतीवरच्या चित्रांची आठवण झाली. रजिस्टर, कुलूप आणि चेहरा, या तिन्ही गोष्टी जुन्याच आहेत.

इब्न बतूताला ही व्यवस्था आवडली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. चीनमध्ये प्रवासी जितका सुरक्षित, तितका कुठं नाही, असं त्याचं मत. नाव लिहून घेणारा माणूस रखवालदारही असतो. तो तुमच्यावर नजर ठेवतो आणि तुमच्यासाठीही नजर ठेवतो. आपण कुठल्या बाजूला आहोत, हे मात्र तो ठरवतो.

आपल्याकडं सराई म्हटली की शेरशहाचं नाव येतं. त्याची कारकीर्द इनमीन पाच वर्षांची, १५४० ते १५४५. पण बंगालपासून सिंधूपर्यंतच्या रस्त्यावर त्यानं दर दोन कोसांवर सराया बांधल्या. अकबराच्या काळातला इतिहासकार अब्बास खान सरवानी त्यांचा आकडा सतराशे देतो. दाराशी पाण्यानं भरलेले रांजण, प्रवाशाला अन्न, घोड्याला दाणा. हिंदूंसाठी वेगळी जागा आणि त्यांना पाणी द्यायला ब्राह्मण. मुसलमानांसाठी वेगळी जागा. यात दोन्ही गोष्टी आल्या. कुणालाही उपाशी ठेवायचं नाही, हा उदारपणा. आणि पाणी द्यायच्या आधी कोण आहे ते विचारायचं, हा रिवाज. शेरशहानं तो रिवाज मोडला नाही, सांभाळून घेतला.

इंग्रजांनी त्याचा कायदा केला. १८६७चा सराई कायदा. सराई चालवणाऱ्यानं सरकारदरबारी नोंद करायची, खोल्या आणि विहिरी साफ ठेवायच्या, पहारेकरी ठेवायचा, दराचं पत्रक दिसेल अशा जागी लावायचं. आज हॉटेलच्या खोलीत दारामागं दरपत्रक दिसतं, तेव्हा मला या कायद्याची आठवण होते. हा कायदा एवढा चिवट की तो रद्द व्हायला दीडशे वर्षं लागली. परदेशी पाहुण्याची वेगळी नोंद करून पोलिसांना कळवायची, हा नियमही १९३९च्या कायद्यापासून चालत आला.

मराठी माणसाचा प्रवास मात्र सराईपेक्षा धर्मशाळेत जास्त झाला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आलं. ते वाचताना कळतं, त्या काळच्या प्रवाशाची ओळख हेच त्याचं ओळखपत्र होतं. तो कोण, कुठल्या घराण्यातला, कुणाच्या ओळखीचा, यावर त्याचं जेवण आणि ओसरी ठरायची. ज्याला ही ओळख होती त्याला सगळा देश घरासारखा होता. ज्याची ओळखच आड यायची, त्याला गावाबाहेरचं झाड.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. एका बाकावर सगळे बसणार, आता जातपात राहणार नाही, असं पुष्कळांना वाटलं, पुष्कळांना भीतीही वाटली. रेल्वेनं बाक एक केला, पण वेटिंग रूम पहिल्या वर्गाची वेगळी, दुसऱ्या वर्गाची वेगळी, बायकांची वेगळी. आणि फलाटावर ‘हिंदू पानी’, ‘मुसलमान पानी’ असा पुकारा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत तो चालू होता. आमचे दादा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, तो आवाज काढून दाखवायचे. आम्ही पोरं हसायचो. ते म्हणायचे, ‘हसू नका रे. दोन्ही घागरी एकाच विहिरीवर भरलेल्या असायच्या.’

आमच्या गावापासून मसूर स्टेशन जवळ. माझी मुंबईची गाडी मी कितीदा तरी तिथूनच धरली. ते स्टेशन इतिहासात एका पोरामुळं आलं आहे. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला आणि मसूरला उतरला. वडिलांना पत्र वेळेवर कळलं नव्हतं, घ्यायला कुणी आलं नव्हतं. पोरांचे कपडे चांगले होते. स्टेशन मास्तर आपुलकीनं चौकशी करायला आला. पोरांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि गाडी पोरांनीच हाकायची, मालक बाजूनं चालणार. रात्री ते टोलनाक्याशी पोचले. बरोबर जेवण होतं, पण पाणी नव्हतं, आणि पाण्याशिवाय घास उतरेना. गाडीवाल्यानं सुचवलं, टोलवाला हिंदू आहे, त्याला मुसलमान आहोत असं सांगा. भीमरावाला उर्दू चांगलं येत होतं. तो गेला, उर्दूत बोलला, मुसलमान आहोत म्हणाला. टोलवाल्यानं सांगितलं, तुमच्यासाठी इथं कुणी पाणी भरून ठेवलेलं नाही. पोरं तशीच उपाशी झोपली.

ही हकिकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं इंग्रजीत लिहिलेल्या छोट्या आठवणींत आहे. नावाचा अर्थ व्हिसाची वाट पाहणं. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या रात्रीचं एक वेगळंच कोडं पडलं. त्या पोरानं माझं नाव उसनं घेतलं होतं. आणि माझ्या नावालाही तिथं पाणी मिळालं नव्हतं.

पुढं परदेशात शिकून आल्यावर ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. हॉटेलात जात विचारणार, मित्राकडं जावं तर त्याची अडचण होणार. एक पारशी धर्मशाळा मिळाली. ती फक्त पारशांसाठी. रखवालदाराला पैशाची गरज होती, रोज दीड रुपयावर सौदा ठरला आणि रजिस्टरात त्यांनी पारशी नाव लिहिलं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस एका अंधाऱ्या, मोकळ्या इमारतीत कंदिलाच्या उजेडात पुस्तकं वाचत अकरा दिवस राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिन्यानं वर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला लावली. कुठंच जागा मिळाली नाही. ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत आले.

इथं थांबलो असतो तर माझी सोय झाली असती. पण त्याच आठवणींत दौलताबादही आहे. १९३४ साली ते तीसेक कार्यकर्त्यांबरोबर वेरूळला निघाले होते, वाटेत किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना होता. दरवाजाजवळच्या हौदावर त्यांनी धुळीनं भरलेले हातपाय धुतले. मागून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या हाच माणूस मुसलमान झाला तर त्याला हौदावर येऊ देणार नाही का? गर्दी गप्प झाली. किल्ला पाहू दिला, पण कुठं पाण्याला हात लावू नयेत म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला.

ज्या गावात इब्न बतूताचं स्वागत झालं, त्याच गावात हे घडलं. आणि रमजानमध्ये घडलं, जेव्हा दिवसभर तहान काय असते हे प्रत्येक रोजेदाराच्या जिभेला माहीत असतं. मी तो हौद बघायला मुद्दाम गेलो होतो. तिथं मला काही सुचलं नाही. घरी येऊन मात्र एक गोष्ट आठवली. अम्मीच्या त्या गूळपाण्याच्या तांब्याशेजारी, ओसरीच्या कोनाड्यात, एक वेगळं जर्मनचं भांडं असायचं. ते कुणासाठी होतं, हे आम्हा पोरांना न सांगता माहीत होतं. माझ्या आठवणीतला ‘आधी पाणी, मग नाव’ हा शिरस्ता सगळ्यांसाठी नव्हता. काहींचं नाव पाण्याआधीच कळलेलं असायचं.

मोठ्या हॉटेलांचंही हेच. मुंबईत काळ्या घोड्याजवळ १८७१ साली वॉटसन हॉटेल सुरू झालं. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेहून सुटा करून आणला होता. ७ जुलै १८९६ला हिंदुस्थानातला पहिला चित्रपटाचा खेळ तिथंच झाला. ते गोऱ्यांचं हॉटेल म्हणूनच ओळखलं जाई. जमशेटजी टाटांना तिथं आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी ताज बांधलं, अशी गोष्ट सगळे सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. पण १९०३ साली ताज उघडलं आणि ही गोष्ट लोकांनी इतकी वर्षं जपली, यालाही अर्थ आहे. दार बंद झाल्याचा अनुभव पुष्कळांना होता. स्वतःचं दार बांधण्याची ऐपत एखाद्यालाच होती.

मुसलमानांच्या मोठ्या प्रवासाचं दारही मुंबईतच होतं. हजची जहाजं मुंबईहून सुटायची. यात्रेकरूंचे दलालांकडून इतके हाल होत की १८८६ साली सरकारनं ही व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडं दिली. गोऱ्या साहेबांना नाईल नदीची सफर घडवणारी हीच ती कंपनी. १८९३पर्यंत तिनं ते काम पाहिलं. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर जहाजं थांबवून यात्रेकरूंना क्वारंटाइनमध्ये ठेवत, कपडे निर्जंतुक करत. विमानतळावर बूट-पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवताना मला त्या लोकांची आठवण येते. आपले तर फक्त बूटच काढायला लावतात.

आमचे दादा जहाजानं हजला गेले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात आम्ही चार दिवस होतो. पत्र्याच्या पेट्यांवर पांढऱ्या रंगानं नाव, गाव, जिल्हा लिहिलेला. दादांची पेटी मराठीत होती, कारण गावातल्या पेंटरला तेवढंच येत होतं. शेजारच्या खाटांवर बिहारचे, आंध्रचे, खानदेशचे लोक. भाषा कळत नव्हती. पहिल्याच दुपारी खानदेशातल्या एका म्हातारीनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि मग विचारलं, ‘कोनता गाव रे बाबा तुमचा?’ त्या दिवशी मुंबईत मला घरच्यासारखं वाटलं. पुढं जहाजं कमी झाली, विमानं वाढली, आणि १९९५नंतर मुंबई-जेद्दा हज जहाज बंद झालं. दोन आठवड्यांचा प्रवास काही तासांवर आला. वेळ वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन आठवडे एका जहाजावर काढल्यावर शेजाऱ्याचं नाव विसरत नाही. विमानात शेजारी उतरून गेल्यावर कळतं की आपण त्याला काही विचारलंच नाही.

सुरुवातीला विमानही असं नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ला जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा विमानात टपाल होतं. त्या काळी लंडनहून कराचीकडं येणारी विमानं रात्री उडत नसत. जागोजागी मुक्काम करावा लागे. त्यासाठी १९३२ साली शारजात एक किल्लेवजा विश्रामगृह बांधलं. आज तिथं संग्रहालय आहे. म्हणजे विमानप्रवासानंसुद्धा पहिली गोष्ट बांधली ती सराईच. ८ जून १९४८ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. बॉबी कूका आणि उमेश राव यांचा महाराजा १९४६पासून पाहुण्यासमोर वाकून उभा होताच. मिशीवाला महाराजा स्वतः वाकतो आहे, ही त्यातली गंमत. पाहुण्यानं फक्त तिकीट काढलेलं असावं.

मग विमानं पळवायला लागले. ३० जानेवारी १९७१ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ लाहोरला नेलं. जगभर असं घडू लागलं आणि झडती आली. २००१ साली एकानं बुटात स्फोटकं लपवली, म्हणून बूट आले. ऑगस्ट २००६मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला, म्हणून परदेशी विमानांत शंभर मिलिलिटरच्या वर द्रव चालेना. त्या दिवसापासून पाण्याची बाटली संशयित झाली. झडतीच्या रांगेत लोक घटाघटा पाणी पिताना दिसतात, उरलेलं टोपलीत. झडती असावीच, मीही त्याच विमानात बसणार असतो. पण प्रवाशाचं पाणी काढून घेऊन त्याला नाव विचारायचं, हा क्रम इतिहासात नवा आहे.

आता माझी एक छोटी गोष्ट. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात कविसंमेलनाला गेलो होतो. बरोबर सोलापूरचा कविमित्र. मी त्याला अण्णा म्हणतो, तो मला भाई. आयोजकांनी दोघांच्या नावानं दोन खोल्या घेतल्या होत्या. रात्रीचे अकरा वाजलेले. काउंटरवरच्या तरुणानं दोघांची आधार कार्डं घेतली. अण्णाला किल्ली दिली. माझं कार्ड घेऊन आत गेला. परत येऊन म्हणाला, ‘सर, दो मिनट.’ ती दोन मिनिटं चाळीस मिनिटं चालली. अण्णा किल्ली घेऊन वर गेला नाही. सोफ्यावर माझ्या शेजारी बसला आणि त्या पोराला म्हणाला, ‘बेटा, पानी तो पिलाओ.’ सीलबंद बाटली आली. अण्णानं झाकण उघडून आधी माझ्यापुढं धरली. पुढं खोली मिळाली. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खोली झाडायची राहिली असेल. संगणक बंद पडला असेल. मात्र माझ्यासारख्याला ‘असेल’ या शब्दावर पुष्कळ रात्री काढाव्या लागतात. स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला की नाही, हे त्या नऊ वर्षांच्या पोराला स्पष्ट दिसलं होतं. आता चेहरे बदलत नाहीत, फक्त ‘दो मिनट’ म्हणतात. बाबासाहेबांच्या सोसण्याशी माझ्या चाळीस मिनिटांची तुलना करायचा मला अधिकार नाही. मला फक्त त्या काउंटरची जुनी ओळख पटली.

खोलीत गेल्यावर टेबलाचा खण उघडून पाहिला. अशा खणांचाही इतिहास आहे. अमेरिकेत १८९९ साली फिरत्या विक्रेत्यांनी गिडियन्स ही संस्था काढली आणि १९०८ला मोंटाना राज्यातल्या एका हॉटेलात पहिल्यांदा बायबल ठेवलं. एकट्या प्रवाशाला रात्री सोबत व्हावी म्हणून. आखाती देशांत, मलेशियात खणात किंवा छतावर छोटा बाण असतो, किब्ल्याची दिशा दाखवणारा. परक्या गावात तो बाण दिसला की बरं वाटतं; तुम्ही येणार हे कुणीतरी धरून चाललं होतं, असं वाटतं. त्या खणात धोब्याच्या दरांची यादी होती. मी काही पाच वेळचा नमाजी नाही. पण पहाटे दारावर टकटक झाली. अण्णा मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन उभा. म्हणाला, ‘भाई, पश्चिम खिडकीच्या अंगाला आहे. रात्री बघून ठेवली.’

आता हे सगळं सांगून दुसऱ्यांकडं बोट दाखवणं सोपं आहे. म्हणून शेवटी माझ्या दाराबद्दल. मी राहतो त्या सोसायटीच्या फाटकावर एक वही आहे. नाव, कुठून आलात, कुणाकडं, मोबाइल नंबर, सही. डबे, औषधं, पार्सलं घेऊन येणाऱ्या पोरांना ती रोज भरावी लागते. लिफ्ट वेगळी ठेवायचा ठरावही एकदा मांडला गेला. मी विरोधात बोललो, ठराव बारगळला. वही मात्र राहिली, आणि ती राहायला हवी, असं मीही म्हणालो. आमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आहेत.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. तो माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा, नाव-गावाचं पुढं. एवढं मोठं आमच्याच्यानं होणं नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार जणांनी मिळून वहीच्या टेबलाशेजारी एक माठ ठेवला, झाकण आणि ओगराळ्यासकट. माठ आणि वही यांत दोन हातांचं अंतर आहे. वॉचमनला एवढंच सांगितलं, माठ रस्त्याच्या बाजूला राहू दे आणि वही आतल्या बाजूला. उन्हातून आलेलं पोर आधी पाणी पितं, बाहीनं तोंड पुसतं आणि मग सही करतं.